सुखात वाजणारी टोपी

टोपी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र गांधीटोपी येईल, नाहीतर थंडीतली लोकरीची कानटोपी. मी त्या घराण्यातली नाही, मित्रांनो. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हसतो आणि डोक्यावर घालायची वेळ आली की त्याचं हसू पळतं. रबराच्या पट्ट्यांची एक जाळी, हनुवटीखाली अडकवायचा पट्टा, जागोजागी चांदीची बटणं आणि प्रत्येक बटणातून निघालेली एक बारीक तार, असा माझा अवतार आहे. मी ऊन अडवत नाही की थंडी. मी डोक्यावर बसून डोक्यातलं ऐकते.

सध्या माझा मुक्काम जालन्याच्या एका तंत्रशाळेतल्या काचेच्या कपाटात आहे. रबर चिरलं आहे, चांदी काळी पडली आहे. दुपारी खिडकीतून उन्हाचा एक तुकडा आत येतो, हळूहळू कपाटावर चढतो आणि माझ्यापर्यंत पोचला की मला गुंगी येते. त्या गुंगीत जुनी डोकी परत येतात. कुणाच्या केसांना शिकेकाईचा वास, कुणाच्या कपाळाला बुक्का, कुणाचं नुसतंच टक्कल. तशाच अर्ध्या झोपेत तुम्हाला माझी गोष्ट सांगते. सांगता सांगता मध्येच थांबले तर समजून घ्या.

१९८१ साली मुंबईच्या एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात मी तयार झाले. माझी बटणं घासून गुळगुळीत करणारा कारागीर पूर्ण टकला होता. प्रत्येक नवी टोपी तो आधी स्वतःच्या डोक्यावर चढवायचा, आरशात पाहायचा आणि खूश होऊन मान डोलवायचा. मी ऐकलेलं पहिलं डोकं त्याचं. मग भुसा भरलेल्या खोक्यात बसून, मीटरगेजच्या गाडीत डुलत डुलत मी मराठवाड्यात आले. वाटेतलं काही दिसलं नाही. बदनापूर स्टेशनात गाडी थांबली तेव्हा कुणीतरी गरम भजे, गरम भजे असं ओरडत होतं, तेवढं मात्र आठवतं.

मला मागवलं होतं डॉक्टर उषाबाईंनी. त्या मेंदूच्या डॉक्टर. आवाज मऊ, शिस्त कडक. त्यांच्या दवाखान्यात एक भलंमोठं यंत्र होतं. त्याला शाईच्या नळ्या होत्या आणि त्या सरकत्या कागदावर रेघा ओढायच्या. यंत्राला हात होते, पण कान नव्हते. ते कान मी.

तुमच्या मेंदूत, मित्रांनो, जागेपणी आणि झोपेतही अगदी बारीक वीज खेळत असते. इतकी बारीक की तुम्हाला तिचा पत्ताही लागत नाही. माझ्या बटणांना कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या असत. त्या मिठाच्या पाण्यात बुडवून मला डोक्यावर बसवलं की ती वीज माझ्यात उतरे, तारेतून यंत्रात जाई आणि कागदावर लाटा उमटत. मिरगीचे झटके येणारी माणसं, घेरी येऊन पडणारी मुलं, डोक्याला मार लागलेले गडी, सगळे माझ्याखाली येऊन गेले. विचार मात्र मला वाचता येत नाहीत. परतूरच्या एका कापूस व्यापाऱ्याने पट्टा बांधून घेण्याआधी हळूच विचारलं होतं, “बाई, आमचा खरेदीचा भाव तर न्हाई ना उतरत ह्याच्यात?” उषाबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

सगळ्या लाटांमध्ये माझी आवडती एकच. माणूस जागा असतो, शांत असतो आणि डोळे मिटतो. लगेच डोक्याच्या मागच्या बाजूला एक लाट उठते, सारखी, ठेक्यात चालणारी. मी तिला निवांत लाट म्हणते. डोळे उघडले की ती विरते. झोप लागली की ती विरघळते. आणि माणूस घाबरला, तर डोळे कितीही मिटले तरी ती येत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्यावर एका माणसाचा श्वास अडकणार आहे.

माझा वैरी एकच, खोबरेल तेल. आपल्याकडे दवाखान्यात जायचं तर माणूस अंघोळ करून, तेल लावून, भांग पाडून निघतो. त्या तेलावरून माझी बटणं घसरायची आणि कागदावर नुसती गिचमिड व्हायची. मग उषाबाई पेशंटला नळाखाली बसवून डोकं धुवायला लावत. आयांना ते फार लागायचं. कोरड्या, मोकळ्या केसांनी पोरीला गावात आणलेलं त्यांना बघवत नसे. पण उषाबाई ऐकायच्या नाहीत. त्या म्हणत, “खराब आलेख म्हणजे खोटी साक्ष. त्यापेक्षा उद्या या.”

यंत्र बिघडलं की अलीम यायचा. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा हा हसरा माणूस पुढे तंत्रशाळेत शिक्षक झाला, पण दवाखान्यातलं येणं त्याने सोडलं नाही. तो मला ‘टोपीबी’ म्हणायचा. तार सांधताना माझ्याशी बोलायचा. “टोपीबी, जरा सबर करो,” असं म्हणत फुंकर मारायचा. माझं कौतुक पुष्कळांनी केलं, पण नाव ठेवलं ते त्याने एकट्यानेच. म्हणून त्याच्यावर माझा जीव.

मग दवाखान्यात नवं यंत्र आलं. त्याच्याबरोबर त्याची स्वतःची टोपी आली, निळी, कापडी, तोऱ्यात वावरणारी. मला खालच्या खणात टाकलं गेलं. कुणाचाच राग नव्हता, नुसता विसर होता. खणात औषधांच्या रिकाम्या बाटल्या होत्या आणि एक झुरळ होतं. कितीतरी ऋतू मी तिथे पडून होते. मिठाचं पाणी नाही, डोकं नाही, लाट नाही. झोपेतली माणसं ऐकता ऐकता मीही झोपायला शिकले होते, ते तिथे कामी आलं.

१९९८ साली एका सकाळी खण उघडला. समोर अलीम होता, केसांत पांढरं आलेला. शेजारी उषाबाई.

“हीच का?” त्यांनी विचारलं.

“हीच. बटणं बिलकुल शाबूत हायेत, बाई.”

त्या दिवशी मला कळलं की माझं एक डोकं अजून बाकी आहे.

त्या डोक्याचं नाव मच्छिंद्र. बदनापूरच्या पलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून जवळच त्याचं शेत आणि शेतातच घर. जन्मभर त्याने बैलगाडी हाकली होती. कापसाने लादलेली गाडी घेऊन तो पार परतूरपर्यंत जायचा. वाट लांबची, म्हणून गाडीवान कापसावर आडवा होऊन डुलकी काढतो आणि बैल ओळखीच्या वाटेने चालत राहतात. अलीमच्या आजोळचा माल तोच वाहायचा, त्यामुळे अलीम लहानपणापासून त्याला मामा म्हणायचा.

या मामाला एका पहाटे मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला, पण हात गेले, पाय गेले, आवाज गेला. उरले फक्त डोळे. ते वर-खाली हलत आणि मिटत. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. उषाबाईंनी तपासून सांगितलं होतं, “आतमध्ये हा माणूस पूर्ण जागा आहे, अलीम. सगळं ऐकतो, सगळं समजतो. फक्त बाहेर यायचं दार बंद झालंय.”

त्याची बायको झुंबरबाई. काटक, तोंडाने फटकळ, हाताने मायाळू. तिची अडचण अशी होती की मच्छिंद्रला लाळ गिळता येत नसे. ती घशात साठली की श्वास अडायचा. कुणीतरी पटकन कुशीवर वळवून तोंड पुसलं तरच मोकळा व्हायचा. आणि त्याला तर हाकही मारता येत नव्हती. म्हणून झुंबरबाई त्याच्या खाटेपासून हलत नसे. शेत भिंतीपलीकडेच होतं, पण बोंडं फुटून खाली लोंबायला लागली तरी ती उंबऱ्यातून नुसती पाहत राहायची. एकतर शेत सोडायचं, नाहीतर नवऱ्याला एकट्याला सोडायचं, असा पेच होता.

अलीमच्या डोक्यात आलं, डोळे मिटले की निवांत लाट उठते. त्या लाटेने घंटी वाजवली तर?

महिनाभर तो मला मांडीवर घेऊन बसला. टेपरेकॉर्डरचे भाग काढून त्याने एक डबी बनवली. डबी मागच्या बटणांचं ऐकायची, निवांत लाट आली की घंटी वाजवायची आणि बाकी सगळं दुर्लक्षून सोडायची. डोळे मिचकावले, कपाळाला आठी पडली, तरी उगाच वाजू नये म्हणून त्याने तेही गाळलं. भिंतीतल्या करंटला मात्र तो हात लावू देईना. डबी चालायची टॉर्चच्या सेलवर.

“डोक्याला लावायची वस्तू अन् भिंतीचा करंट, ह्यांची सोयरीक न्हाई करायची,” असं तो झुंबरबाईला म्हणाला. “खेड्यातली लाईट कधी वर, कधी खाली. मामाच्या डोक्याशी खेळ न्हाई करायचा.”

मला मच्छिंद्रच्या डोक्यावर बसवलं तो क्षण मी विसरणार नाही. इतक्या वर्षांनी मिठाचं पाणी, इतक्या वर्षांनी माणसाची ऊब. त्याने डोळे मिटले. आणि लाट आली! काय लाट होती ती, मित्रांनो. लांब, संथ, एका ठेक्यात डुलणारी. इतकी डोकी ऐकली, पण इतकं सावकाश चालणारं डोकं ऐकलं नव्हतं. जणू तो अजून कापसावर आडवा पडून परतूरच्या वाटेने चालला होता. घंटी किणकिणली. दारात जमलेले शेजारी टाळ्या वाजवायला लागले. झुंबरबाईने डोळ्याला पदर लावला आणि लगेच फटकारलं, “वाजवा आता! चहा पाह्यजे म्हनून दिवसभर वाजवत बसाल.”

मच्छिंद्रचे डोळे वर गेले. हो. सगळे हसले.

काही दिवस आनंदात गेले. घंटी वाजायची, झुंबरबाई भिंतीपलीकडून धावत यायची आणि बघते तर नवरा नुसता सुखाने डोळे मिटून रेडिओ ऐकतोय. “कामून बोलावलं मंग?” ती विचारायची. तो डोळे खाली करायचा. म्हणजे त्याने बोलावलंच नव्हतं. त्याला फक्त बरं वाटत होतं. ती कपाळावर हात मारून परत जायची. हळूहळू तिचं धावणं चालण्यावर आलं. पण घंटी वाजतेय म्हणजे चालतेय, एवढा भरवसा मात्र बसला. त्या भरवशावर ती कापूस वेचायला लागली.

मग ती दुपार आली.

वारा पडलेला होता. झुंबरबाई पार बांधाच्या कडेला होती. मच्छिंद्रच्या घशात लाळ उतरली. मला आधी कळलं ते असं की निवांत लाट एकदम तुटली आणि तिच्या जागी बारीक, धास्तावलेली थरथर आली. त्याने डोळे मिटले. घट्ट मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. जीव खाऊन तो मला हाक मारत होता आणि माझ्याजवळ डबीला द्यायला काहीच नव्हतं. भीतीत ती लाट येतच नाही. घंटी गप्प टांगलेली राहिली. माझ्या पट्ट्याखाली त्याची मान ओली झाली होती.

त्याचं नशीब थोर. शेजारची सोनूबाई विरजण मागायला आली होती. वाटी हातात घेऊन ती दारात उभी राहिली, “झुंबरे, हायेस का गं?” म्हणाली आणि खाटेकडे पाहताच किंचाळली. वाटी फेकून तिने मच्छिंद्रला कुशीवर वळवला, पाठीवर थापटलं. त्याचा श्वास मोकळा झाला. मग झुंबरबाई धावत आली, ओच्यातला कापूस अंगणभर सांडत.

संध्याकाळी अलीम आला तेव्हा मी डबीसकट उंबऱ्याबाहेर पडलेली होते. झुंबरबाईनेच मला काढून टाकलं होतं.

“न्या तुमची टोपी,” ती म्हणाली. “सुखात वाजती अन् दुखात मुकी होती. असली टोपी काय चुलीत घालायची?”

अलीमने खाटेजवळ बसून विचारलं, “मामा, तुम्ही वाजवाया पाह्यलं?”

डोळे वर गेले. आणि वरच राहिले, बराच वेळ.

अलीमचा चेहरा पडला. सोबत उषाबाई आल्या होत्या. त्यांनी मच्छिंद्रची नाडी पाहिली, घसा पाहिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “घाबरलेल्या माणसाला ही लाट आणताच येत नाही, अलीम. हे मला आधी सुचायला हवं होतं. खोटा भरवसा देणारी वस्तू नसलेली बरी. काढून न्या.”

सगळे अंगणात येऊन बसले. झुंबरबाईने तशातही चहा टाकला. अलीमने मला मांडीवर घेतलं आणि एकेक तार सोडवायला लागला. ऊन उतरलं होतं. निंबाखाली पाखऱ्या बैल रवंथ करत बसला होता आणि त्याच्या गळ्यातली पितळी घंटी वाजत होती. खरं सांगायचं तर ती वाजतेय हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. झुंबरबाई सांगत होती की आता शेत भावाला, वसंताला, कसायला द्यायचं आणि आपण खाटेपाशी बसायचं.

बोलता बोलता ती थांबली. अलीमचे हात थांबले. उषाबाईंनीही मान वळवली. तिघंही निंबाकडे पाहत होते.

घंटी थांबली होती.

झुंबरबाई उठून गेली. उठताना पाखऱ्याच्या पायात दावं गुंतलं होतं आणि तो मान वाकडी करून गप्प उभा होता. तिने पाय सोडवला, मानेवर थाप मारली. घंटी पुन्हा किणकिणायला लागली आणि पुन्हा कुणाला ऐकू येईनाशी झाली.

अलीम मात्र तसाच बघत बसला होता. मग तो म्हणाला, “मामी, तुम्ही कामून उठल्या?”

“घंटी थांबली की. न्हाई उठनार?”

“म्या बी तिकडंच पाह्यलं. डॉक्टरीणबाईंनी बी.” तो एकदम उभा राहिला. मी त्याच्या मांडीवरून पडता पडता वाचले. “आपुन उलटं केलं, मामी! बिलकुल उलटं!”

तो धावत आत गेला आणि खाटेच्या कडेला टेकला. “मामा, कापसाच्या गाडीवर झोपायचे तुम्ही. जाग कशानं यायची? घंटी वाजल्यानं का थांबल्यानं?”

मच्छिंद्र त्याच्याकडे पाहत राहिला. थांबल्यानं, असं अलीमने पुन्हा म्हटलं तेव्हा त्याचे डोळे वर गेले. मग त्या डोळ्यांत पाणी आलं. उषाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “सुखात वाजते ना ही? मग वाजू दे की. गप्प झाली की आपण यायचं.”

झालं ते एवढंच, मित्रांनो. माझ्यात काही बदललं नाही. एकही बटण नवं नाही, एकही तार नवी नाही. बदलला तो फक्त माझं ऐकण्याचा रिवाज. आधी घंटी वाजली की यायचं होतं. आता घंटी वाजते तोवर निर्धास्त राहायचं आणि थांबली की धावायचं. अलीमने पाखऱ्याचीच जुनी घंटी खिडकीत टांगली आणि टेपरेकॉर्डरची छोटी मोटार तिला लावली. झुंबरबाई शेतात असेपर्यंत मच्छिंद्र डोळे मिटून शांत पडायचा, लाट उठायची, घंटी किणकिणायची. तो आवाज भिंतीपलीकडे कापसात पोचायचा आणि तिचे हात चालत राहायचे.

आता सेल संपले तरी घंटी थांबे आणि ती येई. तार तुटली तरी येई. मी डोक्यावरून घसरले तरी येई. मच्छिंद्रचा डोळा लागला तरी येई, त्याला पाही, “झोपलेत व्हय, झोपा,” म्हणे आणि झोप होईपर्यंत तिथेच बसून सरकी वेगळी करत राही. तिच्या चकरा वाढल्या, कुरकुर वाढली, पण भीती गेली.

तरी एक धोका उरलाच होता, आणि तो अलीमने तिला नीट समजावला. घंटी उगाच वाजत राहिली तर? म्हणून रोज सकाळी परीक्षा व्हायची. साबणाने धुतलेल्या कोरड्या केसांवर ती मला बसवायची. तेल आता फक्त हातापायांना. मग ती खाटेसमोर उभी राहून म्हणायची, “उघडा डोळे. टकमक बघा माझ्याकडं.” घंटी थांबली पाहिजे. “मिटा.” वाजली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी टोपी नाही आणि शेतही नाही.

या परीक्षेने एकदा मोठं काम केलं. सेलचा खर्च वाचावा म्हणून वसंताने, बिचाऱ्याने भल्या मनाने, डबी भिंतीतल्या करंटला जोडली. त्या करंटची घरघर माझ्या तारांत शिरली आणि घंटी अशी वाजायला लागली की थांबेचना. “बघ आक्का, भाऊजी किती खूश हायेत!” वसंता म्हणाला. झुंबरबाईने मच्छिंद्रला डोळे उघडायला लावले. घंटी वाजतच राहिली. तिने आधी वायर उपटली आणि मग वसंताचा असा उद्धार केला की पाखऱ्यासुद्धा रवंथ करायचा थांबला. नंतर तिने त्याला जेवायला वाढलं, हेही सांगायला हवं.

त्या घंटीने मच्छिंद्रला किती वेळा वाचवलं ते मी मोजलं नाही. घशात लाळ उतरे, लाट तुटे, घंटी थांबे आणि माझ्या बटणांना जमिनीवरून धावत येणारी तिची पावलं जाणवत. पुढे पुढे तर मला एक गंमत कळली. पावलं ऐकू आली की त्याची भीती ओसरायला लागायची आणि तिने हात लावायच्या आतच लाट परत यायला बघायची. कागद नव्हता तिथे, रेघा नव्हत्या, म्हणून हे फक्त मलाच माहीत आहे.

उरलेला सगळा वेळ मी त्या लाटेवर डुलत असे. रुळांवरून गाडी जाई. आता मोठ्या रुळांची गाडी होती, तिचा आवाजही मोठा. मच्छिंद्र डोळे मिटे. तो काय बघत होता ते मला कळायचं नाही, पण मी माझ्या मनाने ठरवून टाकलं होतं. कापसाचा ढीग, वर आभाळ, खाली दोन बैलांची चाल. कधी कधी मला वाटायचं, मीही त्या गाडीत आहे आणि आम्ही कुठेच पोचायची घाई नसलेले दोघं आहोत.

अशी पाच वर्षं गेली. मग थंडीतली एक सकाळ. परीक्षा झाली, पास झालो. झुंबरबाई कापसात गेली. लाट उठली, नेहमीपेक्षा लांब, नेहमीपेक्षा हळू. घंटी वाजली. पुन्हा वाजली, जरा थांबून. मग लाट इतकी पसरली की डबीला ती ओळखू येईना. त्यात भीती नव्हती, हे मी शपथेवर सांगते. घशात लाळ नव्हती, थरथर नव्हती. गाडी उतारावर लागल्यासारखं सगळं आपोआप मंद होत होतं.

घंटी थांबली. आणि ती आली.

तिने एका नजरेत ओळखलं. कुशीवर वळवायची घाई केली नाही, उषाबाईंकडे माणूस पाठवायला म्हणून फक्त सोनूबाईला हाक मारली. मग खाटेवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्यासकट. “मी आले. दिसते का?” तिने विचारलं.

त्याचे डोळे वर गेले. मग मिटले. आणि त्याही वेळी, मित्रांनो, एक निवांत लाट उठली. लहानशी. खिडकीतली घंटी एकदाच किणकिणली.

झुंबरबाईने माझ्यावरून हात फिरवला. “आता वाजाया नको,” ती म्हणाली. “मी हितंच हाय.”

उषाबाई पोचेपर्यंत ती तशीच बसून होती. तिच्या बोटांना कापसाचे तंतू चिकटलेले होते आणि ते माझ्या पट्ट्यांत अडकले. एक तंतू अजून माझ्या मागच्या बटणाखाली आहे. अलीमने कपाटात ठेवण्याआधी मला स्वच्छ पुसलं, पण तो त्याने काढला नाही. घंटी झुंबरबाईने गोठ्यातल्या नव्या वासराच्या गळ्यात बांधली.

आता मुलं माझ्या कपाटापुढे येतात. अलीम त्यांना सांगतो की पुढे बिनतारी टोप्या येतील, डोक्यातल्या लाटांनी दिवे लागतील, गाड्या चालतील. येवोत. माझ्या त्या नातींना माझा आशीर्वाद आहे. त्यांना बनवणाऱ्यांना मात्र माझं एक मागणं आहे. तुमची टोपी कशी वाजते ते सगळे विचारतील. ती गप्प झाली तर कोण येणार, ते आधी ठरवा. रोज सकाळी तिची परीक्षा घ्या. डोक्याला लावायची वस्तू भिंतीच्या करंटपासून लांब ठेवा. आणि तिच्याखाली माणूस आहे, हे विसरू नका.

तुमच्याकडेही एक मागणं आहे, मित्रांनो. त्याला टोपी लागत नाही. घरात रोज किणकिणणारं कुणीतरी असतं. आजोबा खाकरतात, आई भांडी वाजवते, धाकटी बहीण उगाच गाणी म्हणते. वाजतंय तोवर ते कुणाच्या कानात शिरत नाही. एखाद्या दिवशी तो आवाज थांबला, तर हाक यायची वाट पाहू नका. हातातलं काम तसंच टाका, उठा आणि बघून या.